सगळे माझ्याच अंगावर येतात

बुधवार, १ जानेवारी १९८६
वारा उत्तरेचा. थंडी बरी.

बर्फाच्या कारखान्यातून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी माझी बायको सगुणा तिची पानं फाडून त्यात सुकट बांधते. यंदा मी म्हटलं, ही माझी. तीस वर्षं बोटीवर तांडेल होतो, बोट माझ्या हुकमावर चालायची. वारा, पाणी, म्हावरं, सगळं वहीत टिपून ठेवायची सवय. आता कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, पुन्हा जाळ्याला हात लावाल तर कायमचे आडवे व्हाल. बोट हरेश्वरला दिली. पोरगा चालवतो बरी. बापाइतकी नाही, पण बरी.

मग मी घरी बसून माशा मारू? सगुणानंच उपाय काढला, टेम्पो घेऊ. अंधेरीच्या बाजारात तिची अठ्ठावीस वर्षांची जागा आहे. बसवाले टोपल्या चढवू देत नाहीत, उतारू नाकाला रुमाल लावतात. म्हणून हा तीनचाकी टेम्पो. जुना आहे, पण इंजिन दणकट. आधीच्या मालकानं मला वेसाव्याच्या वाळूवर एका सकाळीत शिकवलं. जाताना म्हणाला, "बाकीचं रस्त्यावर कळेल, तांडेल." बाकीचं काय राहिलंय? ज्यानं वादळातून बोट घरी आणली त्याला हे खेळणं. ह्याला भरती नाही, ओहोटी नाही, खाली खडक नाहीत.

नव्या बोटीचं करतात तसं सगळं केलं. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. सगुणा टेम्पोपुढे हात जोडून बराच वेळ उभी होती. काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "तुमी परत यावं, येवढंच."

शनिवार, ४ जानेवारी
वारा पडलेला. भोंगे ४१.

आजपासून भोंगे मोजून लिहिणार. पुढेमागे कोणी विचारलं तर पुरावा पाहिजे.

दर्यात दोन बोटी समोरासमोर आल्या की दोघांनी आपापल्या उजवीकडे सरायचं. मला बापानं शिकवलं, मी हरेश्वरला. बाजूनं जाताना हात वर करायचा, "काय गावलं?" म्हणून विचारायचं. तो सांगतो, "बोंबील," नाहीतर जाळं रिकामं असलं तर सांगतो, "कपाळ." संपलं. तीस वर्षांत कोणाला शिवी दिली नाही, कोणाची खाल्ली नाही.

आणि इथं? सात बंगल्याच्या वळणावर समोरून टॅक्सी आली. मी माणुसकीनं उजवीकडे सरलो. तर तो बेअक्कल नेमका त्याच बाजूनं माझ्या अंगावर! ब्रेक दाबला, भोंगा वाजवला, वर डोकं बाहेर काढून माझी आई काढतो. मी आपला हात वर करून विचारलं, "काय गावलं?" त्यावर तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पुढे दुधाची गाडी, तेच. पुढे रिक्षा, तेच. सगळे माझ्याच अंगावर येतात. ह्या लोकांना कोणी काही शिकवलेलंच नाही.

सगुणा शेजारी बसून अंधेरीपर्यंत डोळे मिटून होती. म्हणाली, धूळ गेली.

रविवार, १२ जानेवारी
वारा वायव्येचा. भोंगे ६३.

बोट थांबवायची तर काय करतात? इंजिन बंद. बोट आपली आपण थांबते. मी टेम्पोचंही तेच करतो, पेट्रोल वाचतं. आज चार बंगल्याच्या चौकात इंजिन बंद केलं. टेम्पो सरकत सरकत चौकाच्या मधोमध जाऊन झकास थांबला. लगेच चारी बाजूंनी शिमगा! माणसाला दोन मिनिटं धीर धरवत नाही. कुठं जायचंय ह्यांना एवढं? दर्यात आम्ही एका बोंबलासाठी सहा सहा तास गप्प बसतो.

एक कोवळा पोरगा, नवी मारुती, ओठावर नीट मिशी नाही. काच खाली करून म्हणतो, "ए म्हाताऱ्या, घरी बस ना यार!"

मी ह्याच्या वयाचा होतो तेव्हा माझ्या शब्दावर आठ खलाशी दर्यात उतरायचे. बाजारात गेल्यावर टोपल्या उतरवल्या आणि टेम्पोत जाऊन बसलो. सगुणानं चहा पाठवला तो घेतला नाही. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.

मंगळवार, २१ जानेवारी
वारा लिहिण्यासारखा नाही. भोंगे ५८, शिट्टी १.

डी. एन. नगरच्या नाक्यावर हवालदारानं शिट्टी मारली. पाटीवर नाव अंबादास. म्हणाला, "काका, लायसन." मी बंदराचा तांडेलकीचा दाखला काढून दिला. माझा फोटो, गोल शिक्का, साहेबाची सही, सगळं आहे. त्यानं उलटा केला, सुलटा केला.

"हे काय आहे?"

"तांडेलकीचा दाखला."

"अहो, हा पाण्यावर चालतो."

"पाणी काय नि रस्ता काय, सरकार एकच ना?"

तो इतका हसला की त्याला टोपी काढून हातात घ्यावी लागली. शिट्टी वाजवायला विसरला, मागे रांग लागली. मग एकदम कडक झाला. "काका, टेम्पोत लायसनवाला माणूस बसवा. पुन्हा असे दिसलात तर गाडी चौकीत जमा." मी म्हटलं, विसाव्या वर्षी बोट हाती घेतलेला माणूस आता पन्नासाव्या वर्षी कोणा साहेबापुढे परीक्षेला बसणार नाही. तो म्हणाला, "मग बसू नका. पण चालवूही नका."

चौकशी केली. अंबादास नाक्यावर नऊला येतो. उद्यापासून आम्ही आठला जाणार.

बुधवार, २२ जानेवारी
वारा उत्तरेचा. भोंगे ४९.

ठरलं. ही मुंबई माणसांची राहिली नाही. वेसावा सोडायचा. मंजुळाताई श्रीवर्धनला दिलेली आहे, तिच्या शेजारचं घर रिकामं आहे, कधीपासून बोलावते. तिला पत्र टाकलं. टेम्पो विकू, बोट हरेश्वर बघेल.

सगुणाला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती, कोयता थांबला.

"आनि मी तिथं काय करू? लाटा मोजू?"

"आराम कर."

"माज्या मायनं त्या जागेवर बसवलंय मला. अर्धी अंधेरी माज्या हातचं म्हावरं खाते. आराम करायला मला काय झालंय?"

मी म्हटलं, मला काय झालंय ते तुला दिसत नाही का, रोज शिव्या खातो रस्त्यावर. बोंबील धुऊन झाले, हात पुसले, मग म्हणाली, "शिमगा वेसाव्यात करू. मग तुमी म्हणाल तिथं." एवढ्या लवकर ऐकेल वाटलं नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

सोमवार, ३ फेब्रुवारी
वारा पडलेला. भोंगे ५५.

ताईचं उत्तर आलं. लिहिते, इथं दिवसाला दोन एस.टी. येतात, त्यापण उभ्या राहून विचारतात, येताय का. घर तुमचंच समज, पण शिमग्यापर्यंत नक्की कळव, मागायला दुसरे आहेत. पत्र तीनदा वाचलं. एस.टी. विचारते, येताय का! ह्याला म्हणतात माणसं.

सगुणाचा दात दुखतोय. बाजारापलीकडे दातवाला आहे, त्याच्याकडे रोज पाऊण तास जाते. त्याच्या शेजारी मोटार शिकवायची शाळा आहे, म्हणून फार गर्दी असते म्हणे. मोटारीच्या शाळेमुळे दातवाल्याकडे गर्दी का, ते मला कळलं नाही. दात दुखत असेल तेव्हा माणूस काहीही बोलतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
वारा उत्तरेचा. भोंगे ६७.

सगुणा आज आधीच बसनं गेली, दातवाल्यानं पहिली वेळ दिली होती. मी एकटाच टोपल्या घेऊन निघालो. समोर ऊन, काचेवर नुसती चकाकी. सहा जण अंगावर आले, सहाही जण बोंबलत गेले.

पण एक नवल घडलं, ते लिहून ठेवलंच पाहिजे. समोरून हिरवी फियाट आली, पुढे लाल अक्षरात एल लिहिलेली. मी उजवीकडे सरलो. ही मात्र अंगावर आली नाही! आधीच थांबली, मागे गेली, रस्ता सोडून गटाराच्या कडेला जाऊन उभी राहिली, मी पूर्ण जाईपर्यंत. भोंगा नाही, शिवी नाही. उन्हामुळे तोंड दिसलं नाही. बाई होती. अंबाड्यात अबोली, हातात हिरवा चुडा, आमच्याच जातीची असणार. मी हात वर करून विचारलं, "काय गावलं?" तर आतून आवाज आला, "येडा!" माशाचं नाव असेल एखाद्या, गाडीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

अख्ख्या अंधेरीत एक माणूस शहाणं, तेही शिकाऊ. ती ज्या कोणाची बायको असेल, त्याचं नशीब थोर.

गुरुवार, २० फेब्रुवारी
वारा नैऋत्येला वळला. भोंगे ६०.

दातवाला काही सोडत नाही. रोज पाऊण तास मी सगुणाच्या जागेवर बसतो. आज एक शाळेतल्या बाई आल्या, जानकीबाई नाव. मला बघून म्हणाल्या, "सगुणा कुठाय?" म्हटलं, मी देतो, ताजा सरंगा आहे. "नको, ती येऊ दे." आणि पिशवी घेऊन चक्क उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एक आजोबा, तेही थांबले. त्यांच्यामागे आणखी दोघी. पाऊण तास रांग! मी ताजं म्हावरं पुढ्यात घेऊन बसलोय आणि कोणी हात लावत नाही. शेजारची रुक्मिणी ओरडली, "तांडेल, तुमी जाळं टाकाया बरे, विकाया नाय!" सगळ्या बायका हसल्या.

मग सगुणा आली. कपाळावर घाम, तोंड लाल, दात दुखणारं माणूस असं खुशीत कसं असतं? बसल्या बसल्या एकाची थट्टा, एकाला दोन बांगडे जास्त, जानकीबाईंना मुलीचं बाळंतपण विचारलं. दहा मिनिटांत टोपली रिकामी. मी बघत बसलो. बोटीवर मी असाच असायचो.

श्रीवर्धनला हिला ओळखणारं कोण आहे? असं एकदम मनात आलं. लिहितोय, पण तिला सांगणार नाही.

मंगळवार, ४ मार्च
वारा पश्चिमेचा. भोंगे ७१.

सगुणाची काळजी वाटते. भाकरी थापताना तिचे पाय हलतात. आधी डावा दाबते, मग उजवा, मग डावा हळूहळू सोडते. संधिवात असणार. वर एकवीरा आईचा नवा जप धरलाय, भांडी घासताना पुटपुटते: "आरसा, हात, गिअर. आरसा, हात, गिअर." मी विचारलं तर म्हणाली, "नवस बोललेय." नवसात गिअर कशाला? पण देवाधर्मात मी तोंड घालत नाही.

श्रीवर्धनच्या हवेत संधिवात बरा होईल.

शनिवार, २२ मार्च
वाऱ्याकडे बघायला वेळ नव्हता. भोंगे मोजता आले नाहीत.

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शिमगा मंगळवारी आहे म्हणून आठ टोपल्या म्हावरं. यारी रोडच्या तोंडाशी समोरून दुमजली बस. मी उजवीकडे. बस माझ्यासमोर. तिनं ब्रेक मारला, मी इंजिन बंद केलं. दोघांच्या मधे वीतभर जागा. मागे रिक्षा, रिक्षामागे ट्रक, पुढे जागा नाही, मागे जागा नाही. दोन्हीकडून जी बोंबाबोंब सुरू झाली, होळीला शोभेल अशी. बसमधले लोक वरच्या मजल्यावरून वाकून बघायला लागले.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला. मालवणी माणूस, गुणाजी. वाटलं आता मारतो. पण त्यानं माझ्या टेम्पोवरचा हार बघितला, मला बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तांडेलानू, ह्यो दर्यो न्हय, रस्तो आसा. बाजूक घेवा."

मी म्हटलं, "तूच घे. मी नियमानं उजवीकडेच आहे."

"तां खराच. तुमी उजवीकडेच आसात," तो म्हणाला, आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसला.

टेम्पो सुरू होईना. दोनदा किल्ली फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मागून ट्रकवाला ओरडतोय, वरून पोरं शिट्ट्या मारतायत, उन्हात म्हावरं खराब व्हायला लागलेलं. वादळातही असं काही सुचेनासं झालं नव्हतं. वाटलं, सगळं इथंच टाकून पायी श्रीवर्धनला जावं.

तेवढ्यात नाक्याकडे निघालेला अंबादास हवालदार गर्दीतून आला. संपलं, म्हटलं. आता गाडी जमा.

शेजारी बसलेली सगुणा म्हणाली, "सरका तिकडं."

"काय?"

"सरका म्हटलं ना. तुमी हिकडं बसा."

नऊवारीचा काष्टा नीट केला, उतरून माझ्या बाजूनं आली आणि मला ढकलून स्टिअरिंगपाशी बसली. डावा पाय दाबला. भाकरी थापताना दाबते अगदी तसाच. टेम्पो एका फटक्यात सुरू. आरशात बघितलं, हात बाहेर काढला, गिअर. गुणाजीनं मागच्या रिक्षाला हात केला. सगुणानं आख्खा टेम्पो मागे घेतला, आठ टोपल्यांसकट, आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असा लावला की म्हावरं जराही हललं नाही. बस निघून गेली. वरच्या मजल्यावरून टाळ्या.

अंबादास खिडकीशी आला. सगुणानं चोळीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत लायसन. परवाची तारीख. त्यानं वाचलं, तिला सलाम ठोकला आणि मला म्हणाला, "काका, हे रस्त्यावर चालतं."

बाजार आला तेव्हा विचारलं, "कुठं शिकलीस?"

"दातवाल्याच्या बाजूला. हिरव्या फियाटमधी."

मग मीही धूळ गेल्यासारखे डोळे मिटून घेतले.

मंगळवार, २५ मार्च
उधाणाचं पाणी. होळी.

कोळीवाड्यात सकाळपासून वाजतंय. हरेश्वरनं बोटीला पताका लावल्या. मी मोटारीच्या शाळेत गेलो होतो. कोणी विचारलं तर बायकोची राहिलेली फी द्यायला. तिथला मास्तर जयवंत, त्यानं पाटीवर रस्ता काढून दाखवला. समोरून गाडी आली की आपण डावीकडे असायचं, म्हणे. सगळ्यांनी. पूर्ण मुंबईत.

मी सगुणाला म्हटलं, "हे मला आधी कोणी सांगितलं का नाही?"

"सांगत होते की," ती म्हणाली. "रोज साठ-सत्तर जण सांगत होते. तुमी मोजून लिहून ठेवलंय."

तरी माझं मत लिहून ठेवतो. दर्या आधी आहे, रस्ता मागाहून झाला. ज्यानं रस्त्याचा नियम केला त्यानं एकदा वेसाव्यात येऊन विचारायला हवं होतं.

"तू एवढ्यासाठी शिकलीस? श्रीवर्धनला जायला लागू नये म्हणून?" असंही विचारलं. ती पाट्यावर जोरजोरात पुरण वाटत होती. म्हणाली, "जागेसाठी शिकले. आनि तुमी रोज शिव्या खाऊन घरी यायचे, ते मला बघवत नव्हतं." मग म्हणाली, "ताईला काय कळवायचं ते आज कळवा. शिमगा झाला. मी शब्द दिलाय, तुमी म्हणाल तिथं."

मी डायरी घेऊन ओट्यावर बसलो. पानं मागे उलटत अकरा फेब्रुवारीवर आलो. 'ती ज्या कोणाची बायको असेल, त्याचं नशीब थोर.' माझंच अक्षर. खोडायला पेन टेकवलं, मग राहू दिलं.

ताईला पत्र लिहिलं. घर दुसऱ्याला दे. इथली माणसं आता सुधारायला लागली आहेत.

शनिवार, ५ एप्रिल
वारा पश्चिमेचा, मऊ. भोंगे २, त्यातला एक आमचाच.

रस्ता खरंच सुधारलाय. कोणी अंगावर येत नाही. सगुणा चालवते, मी डाव्या बाजूला टोपलीची कड धरून बसतो. चौक आला की तिला सांगतो, इंजिन बंद कर. ती म्हणते, "तांडेल, गप बसा."

सात बंगल्याला समोरून गुणाजीची बस आली. सवयीनं माझा हात वर गेला. "काय गावलं?"

त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडला, "कपाळ!"

घरी येईपर्यंत मी हसत होतो. सोमवारी जयवंत मास्तरानं आठला बोलावलंय. सगुणाला सांगितलंय, माझा दात दुखतोय.